गाडीचे गोड अश्रू

त्या रविवारी आमच्या फाटकापासून गल्लीच्या तोंडापर्यंत माणसांची रांग लागली होती. कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात औषधाची रिकामी बाटली. सगळ्यांना आमच्या अण्णांचे अश्रू हवे होते.

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. मागे राहिली होती त्यांची चाळीस वर्षांची लाल स्पोर्ट्स कार, दोनच माणसांची, कापडी टप मागे दुमडला की उघडी होणारी. अण्णांनी तिला कधी परक्या मेकॅनिकचा हात लागू दिला नाही. त्यांच्यामागे ते काम ताईने उचललं. माझी ही थोरली बहीण तांत्रिक शाळेत फिटिंग शिकवते. इंजिन जाम होऊ नये म्हणून दर रविवारी सकाळी ती शेडमध्ये गाडी अर्धा तास चालू ठेवायची. दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी, इंजिन तापल्यावर, डॅशबोर्डच्या खालून पाणी ठिबकू लागलं.

पहिल्यांदा पाहिलं आईने. बोट ओलं झालं म्हणून तिने नकळत जिभेला लावलं, तर पाणी गोड. "ते रडतायत," एवढंच ती म्हणाली आणि गाडीच्या दाराशी बसून राहिली.

बातमी मौनीमहाराजांपर्यंत पोचायला दोन दिवस लागले. हे महाराज नावाचे मौनी, बोलायला बसले की श्वास घ्यायला विसरत. त्यांनी आमच्या शेडमध्ये खुर्ची टाकली, डोळे मिटले आणि निदान केलं. इंजिन म्हणजे हृदय. हृदय धडधडलं की आत्म्याला कढ येतो. सामान्य माणसाचे अश्रू खारट, पुण्यवानाचे गोड. तापावर एक चमचा, सांधेदुखीवर दोन. मूल होण्यासाठी किती, हे महाराज बाजूला घेऊन सांगत.

ताईने आधी पावसाच्या पाण्यावर संशय घेतला. टपाच्या कडेने आलेलं पाणी वाहून जायला अशा गाड्यांना बारीक भोकं असतात, ती तुंबली की पाणी आत साचतं. तिने तार घालून भोकं मोकळी केली, त्यातला कुजका पाला काढला, गालिचा उन्हात खडखडीत वाळवला. पुढच्या रविवारी पाणी पुन्हा हजर. महाराजांनी रांगेला सांगितलं की पोरगी बापाचे डोळे पुसायला निघाली होती. सगळे हसले.

मी औषधांच्या दुकानात काम करतो. मला हे काही पटत नव्हतं, तरी मी तोंड उघडलं नाही. आई सहा महिन्यांनी पोटभर जेवू लागली होती, ते मला मोडायचं नव्हतं.

मग गल्लीतल्या शिंप्याची चार वर्षांची मुलगी आजारी पडली. साधा ताप होता, बापाने दिवसभरात बरेच चमचे पाजले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उलटीचं औषध मागायला माझ्याकडे आला. मुलगी त्याच्या खांद्यावर होती. खाली उभी केली तर दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात होती. मी त्यांना रिक्षात बसवून इस्पितळात धाडलं आणि त्याच्याकडची बाटली घेऊन ताईकडे धावलो.

ताईने ते दोन बोटांत चोळलं. चिकट लागलं. रेडिएटरची पातळी दर आठवड्याला उतरते आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट थर बसतो, हे तिने आधीच हेरलं होतं. "हे कूलंट आहे," ती म्हणाली. इंजिनाचं पाणी उकळू नये, गोठू नये म्हणून त्यात मिसळतात ते रसायन. चवीला गोड आणि पोटात गेलं की विष, मूत्रपिंडांवर घाला घालणारं. अण्णांनी भरलेलं इतकं जुनं झालं होतं की त्याचा रंगसुद्धा उडाला होता. मी तिथूनच इस्पितळात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत सांगितलंत. पोर वाचली. माझ्या गप्प बसण्याची मला जेवढी लाज तेव्हा वाटली, तेवढी कधीच वाटली नव्हती.

महाराजांनी जाहीर केलं की शिंप्याची श्रद्धाच कमी पडली. आईनेही आमचं न ऐकता मान वळवली. फाटकाला कुलूप घालू, असं मी सुचवलं. ताईने नाही म्हटलं. कुलूप घातलं तर लोक म्हणतील, पोरांनी बाप कोंडला. जे आहे ते सगळ्यांदेखत दाखवायचं.

म्हणून त्या रविवारी रांग तशीच होती, पण ताईने एकालाही भांडं पुढे करू दिलं नाही. थंड रेडिएटरचं झाकण उघडून तिने रांगेला विचारलं, कोणता रंग घालू? कुणीतरी निळा म्हटलं. केकमध्ये घालतात तो निळा रंग तिने सगळ्यांसमोर ओतला आणि इंजिन चालू केलं. लोक उघड्या गाडीवर ओणवे झाले. दहा-बारा मिनिटांनी डॅशबोर्डखालून पहिला थेंब पडला. निळा.

महाराजांनी लगेच अर्थ लावला. निळा तर स्वर्गाचा रंग, ते म्हणाले.

ताईने बॉनेट उघडलं. इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डखालच्या, गाडीतली हवा गरम करणाऱ्या हीटरच्या जाळीकडे नेणारी एक रबरी नळी आणि परत आणणारी दुसरी, दोन्ही तिने पकडींनी दाबून धरल्या. साचलेलं थोडं पाणी ओघळलं आणि ठिबकणं थांबलं. इंजिन मात्र धडधडत होतं.

"आता रडवा त्यांना," ती महाराजांना म्हणाली.

महाराजांनी मंत्र म्हटले, आधी हळू, मग मोठ्याने. थेंब नाही. ताईने पकडी काढल्या, पाणी आलं. लावल्या, थांबलं. तीनदा. मग तिने निळ्या पाण्याचा एक चमचा भरून त्यांच्यापुढे धरला. त्यांना अचानक उपास आठवला. शिंपी रांगेतून पुढे आला आणि त्याने शांतपणे विचारलं, दोन महिन्यांत तुम्ही एकदा तरी हे प्यालात का? महाराज खऱ्या अर्थाने मौनी झाले आणि मागच्या दाराने निघून गेले.

गर्दी पांगल्यावर आई ताईवर संतापली. "दुसऱ्यांदा हिरावलंस तू त्यांना माझ्यापासून."

"आई, अण्णांनी शिंप्याच्या पोरीला विष पाजलं असतं का?"

आई उठली. तिने देवळीत जपून ठेवलेल्या बाटल्या आणल्या आणि ताईपुढे ठेवल्या. हे कुठे टाकायचं ते तूच सांग, म्हणाली, मांजरं पितील.

हीटरची गळकी जाळी ताईने आठवडाभरात बदलली. तरी पुढच्या रविवारी दुसऱ्या वस्तीतली माणसं बाटल्या घेऊन आलीच. मी फाटकाकडे निघालो, तर आई आधीच तिथे उभी होती. तिने त्यांना आत नेलं, एकेकाला वाकवून दोन्ही नळ्या दाखवल्या, फुटकी जाळी हातात दिली.

"मी दुःखात होते, म्हणून मी काहीच विचारलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही विचारा. पाणी कुठून येतं, कोणत्या नळीतून येतं, ते प्या म्हणणारा स्वतः पितो का. एवढं सगळं विचारूनही चमत्कार शिल्लक राहिला, तर मला बोलवा. मी येते बघायला."