धार लावलेली हत्यारं

वडिलांचा जुना दोस्त खरादी हत्यारं न्यायला आला, तेव्हा मुलीने कापडाची गुंडाळी टेबलावर उलगडून ठेवली होती. चौदा स्क्रू ड्रायव्हर. लाकडी मुठी खराद्याने कातून दिलेल्या, टोकं तिच्या वडिलांनी कानशीने घासलेली. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला बाजारचं टोक चालत नाही, असं ते म्हणत. टोक स्क्रूच्या खाचेत असं बसावं, की हात सोडला तरी हत्यार उभं राहिलं पाहिजे. आपल्यामागे ही सगळी खराद्याला द्यायची, हेही त्यांनीच सांगून ठेवलं होतं.

रॅचेटचा स्क्रू ड्रायव्हर मात्र तिने ठेवून घेतला. तो तिनेच त्यांना आणून दिला होता. मूठ नुसती मागेपुढे करायची, स्क्रू आपला फिरत राहतो, मनगटाला आराम. वर्षभर त्यांनी त्याला हात लावला नाही. काम कमी आणि कुरकुर जास्त, तुझ्या आत्यासारखा, म्हणायचे. दवाखान्यातून परत आल्यावर मात्र त्यांनी दुसरं काही वापरलंच नाही. गिऱ्हाइकांनाही कौतुकाने दाखवायचे. म्हातारपणी खुळखुळा लागला का, म्हणून खराद्याने टोमणा मारला आणि दोघांचं दोन महिने बोलणं बंद झालं. पण मुलीला तेवढंच एक समाधान होतं: शेवटच्या वर्षात आपण त्यांना एक तरी गोष्ट उपयोगाची दिली.

खराद्याने एक स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि खिडकीपाशी उघड्या पडलेल्या मशीनच्या स्क्रूला लावून पाहिला. टोक सटकलं. पुन्हा लावला, पुन्हा सटकला, आणि खाचेच्या कडेला ओरखडा उठला. त्याने टोक उजेडात धरलं. मग दुसरं, मग तिसरं.

"ह्यांना सुरीसारखी धार कोणी लावली?"

मुलीला आठवलं. वडील दवाखान्यात असताना गल्लीत धारवाला आला होता. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांबरोबर तिने हेही दिले होते. टोकं बोथट दिसत होती, बाबा खूश होतील म्हणून. घरी आल्यावर त्यांनी गुंडाळी उघडली, बराच वेळ पाहत राहिले, छान चमकतायत म्हणाले आणि ती पुन्हा बांधून टाकली. दुसऱ्या दिवशी रॅचेट मागितला.

"ह्यांनीच लावली, भाऊजी," आई दारातून म्हणाली. "शेवटी नजर राहिली नव्हती. आम्ही तरी काय बोलणार?"

इतकं सहज, की जणू हे उत्तर तिने कधीचं तयार ठेवलं होतं.

खरादी खुर्चीत बसला. "त्याने स्वतःच्या हाताने..." एवढंच तो पुटपुटला. त्याचा विश्वास बसला होता, हे मुलीला दिसलं. उद्या चार कारागिरांत हेच बोललं जाणार: गड्याचा हात शेवटी गेला होता. आई तिच्याकडे पाहत होती. गप्प राहा, असं त्या नजरेत स्पष्ट होतं.

"मी लावून आणली, काका," मुलगी म्हणाली. "बाबांनी नाही."

खराद्याने तिला आपादमस्तक न्याहाळलं. हत्यारं पाहून तुझा बाप काय म्हणाला, असं विचारलं. छान चमकतायत म्हणाले, तिने सांगितलं. आईने आणून ठेवलेला चहा निवून गेला.

"मी त्याला काय काय बोललो," तो अखेर म्हणाला. "तरी गाढवाने तोंड उघडलं नाही."

गुंडाळी त्याने नेली नाही. टोकांत पुन्हा घासण्याइतकं लोखंड उरलं नव्हतं, त्याला ती उपयोगाची नव्हती, आणि तसं तो सरळ सांगून गेला.

दार लागल्यावर आईने कपबशा गोळा करायला घेतल्या. सांगायची काय गरज होती, म्हणाली. लोकांना हवं ते बोलू द्यायचं. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?

"तुला माहीत होतं," मुलगी म्हणाली. "पण रॅचेट तरी त्यांना आवडला होता ना, आई?"

आईने हातातली कपबशी खाली ठेवली. खोटं बोलायचं बळ तिच्यात आज एकदाच होतं.

"त्याची मूठ त्यांच्या हाताला जाड होती गं," ती म्हणाली. "तळवा सुजायचा. दुपारी मी शेकून द्यायचे, तू ऑफिसात असताना."