उंबऱ्यातली हाक

चूक मोटारीची होती, यात वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. महादू कट्टा गावच्या बाजारात रस्त्याच्या कडेने नाकासमोर चालला होता. मोटारच रस्ता सोडून त्याच्या अंगावर आली आणि त्यात तो गेला. त्याची बायको मथुरा टोपली घेऊन मागून येत होती. तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं.

आता रत्नागिरीच्या कोर्टात भरपाईचा दावा उभा होता. भरपाई मिळाली तर एकुलती एक लेक आनंदी आईपाशी राहणार. नाही तर सासू रुक्मिणी नातीला जामसंड्याला आपल्या लेकीकडे धाडणार, हे ठरलेलं होतं. गुरुदास वकिलांनी मथुरेला बजावलं होतं, "पाहिलंत तेवढंच सांगा. आणि शुद्ध बोला."

पण मोटारवाल्याचा वकील मोठा गोड निघाला. त्याने विचारपूस केली, हळहळला आणि मग म्हणाला, "बाई, असं कशामुळे झालं असेल हो?"

महादू गेल्यापासून मथुरेला हे कुणी विचारलंच नव्हतं. बिचारीचा बांध फुटला. "चुकलं माझंच, साहेब. मी त्यांना मागून हाक मारली."

"झालं तर!" म्हणत तो खाली बसला. बाईने भर रस्त्यात हाक मारली, नवरा गर्रकन वळला आणि मोटारीखाली आला! मेल्याला आयतंच सापडलं.

गुरुदास वकिलांचं तोंड उतरलं. तरी उठून त्यांनी विचारलं, "हाक मारलीत कुठे?"

"खंय म्हणजे? घराकडेच! त्येंचो पाय उंबऱ्याभायर पडलो आणि मी मागसून हाक मारलंय, टोपली ऱ्हवली म्हणान. भायर पडणाऱ्या माणसाक कोण अशी हाक मारता काय, साहेब?" शुद्ध बोलणं कुठल्या कुठे गेलं.

न्यायाधीशांनी मान डोलावली. घरातल्या हाकेशी मोटारीचा काय संबंध? दावा बुडता बुडता वाचला. बाहेर आल्यावर वकील हसून म्हणाले, "आता काळजी सोडा. भरपाई मिळणार."

रुक्मिणी मात्र हसली नाही. तिनेही आत बसून सगळं ऐकलं होतं, आणि कोर्टाने सोडून दिलं तेच तिने नेमकं धरलं होतं.

"भायर पडताना हाक मारलंस? माझ्या झिलाक?"

"होय," मथुरा म्हणाली.

"पैशे मेळांदेत नायतर ऱ्हवांदेत. चेडू तुझ्या हाकेखाली मी ठेवूचंय नाय."

पोरीवर आईचा हक्क असतो, आत जाऊन साहेबांना विचारावं, असं मथुरेच्या मनात आलं. पण ती जागची हलली नाही. सासूचं म्हणणं तिलाही पटलं होतं.