हत्तीणीला वास नाही

आमच्या सासूबाई रोज संध्याकाळी गाडीचा वास घेतात. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसू येणार नाही.

गाडी म्हणजे गटारं साफ करायची गाडी. एका टाकीत पाणी, दुसरी टाकी गाळासाठी रिकामी. पाण्याचा असा फवारा मारते की पाइपात वर्षानुवर्षं घट्ट बसलेला गाळ सुटतो, आणि मग मागची जाड सोंड तो सगळा वर ओढून घेते. सोंडेमुळे आम्ही तिला हत्तीण म्हणतो. भाड्यानं देतो, चालवणाऱ्यासकट. चालवणारा माझा धाकटा दीर. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, त्यामुळे धंदा, घर आणि भांडणं ही तिन्ही खाती माझ्याकडे आहेत.

ही गाडी का घेतली तेही ऐका. माझे सासरे गटारात उतरायचे. कमरेला दोर, हातात बादली, आणि वर दोर धरून सासूबाई. खालून दोराला हिसका आला की ठीक आहे, अशी खूण; एका दुपारी हिसका आलाच नाही. सासूबाईंनी ओढला, पण एकटी बाई किती ओढणार? सासऱ्यांचा सख्खा भाऊ धावत आला आणि मागचापुढचा विचार न करता खाली उतरला. तोही खालीच राहिला. त्या दोराचा वळ सासूबाईंच्या दोन्ही तळहातांवर अजून आहे. कणीक मळताना मला दिसतो.

गाडी दारात आली त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "आता माणूस उतरायला नको." तेव्हापासून गाडी परत आली की भिंतीचा आधार घेत अंगणात येतात, मागच्या झाकणाशी नाक नेतात आणि दोनदा श्वास ओढतात. डोळ्यांनी कमी दिसतं, पण नाक शाबूत आहे. घाण वास आला की खूश! "राबली आज," म्हणतात आणि मगच जेवायला बसतात. शेजारीपाजारी नाकाला रुमाल लावून जातात आणि ही म्हातारी अत्तराच्या दुकानात उभी असल्यासारखी उभी असते.

तर त्या आठवड्यात गाडी साखऱ्यानं घेतली होती. साखऱ्या म्हणजे ठेकेदार. खरं नाव कागदावर असेल, आमच्या धंद्यात त्याला सगळे साखऱ्याच म्हणतात. बोलणं असं की मुंग्या लागाव्यात. बाजाराच्या रस्त्याखालची गटाराची मोठी लाइन तुंबली होती, ती मोकळी करायचं काम त्याला मिळालं होतं. "ताई, गाडी तुमचीच हवी. तुमच्या गाडीची सर कुणाला नाही," वगैरे. मी त्याला माझी अट सांगितली. ती मी प्रत्येकाला सांगते. जिथे माझी गाडी, तिथे माणूस खाली जाणार नाही. त्यानं कानाच्या पाळ्या धरल्या. "ताई, असलं पाप मी करीन का?"

पहिल्या दिवशी संध्याकाळी गाडी आली. सासूबाई बाहेर आल्या, झाकणाशी वाकल्या. एकदा वास घेतला, पुन्हा घेतला.

"सूनबाई, हत्तीणीला वास नाही."

"धुतली असेल, आई."

"धुतली तरी वास येतो. सकाळी गेली तशीच आली ही." मग त्या वळल्या आणि नळावर हात धूत असलेल्या दिराला विचारलं, "काय रे, गटार साफ झालं?"

"झालं की थोडं," तो म्हणाला. पाठ आमच्याकडेच.

"मग वास कुणाच्या अंगाला लागला?"

नळ चालूच राहिला. मी गाडीजवळ गेले. पाण्याची टाकी काठोकाठ. पाइपाची गुंडाळी कोरडी ठणठणीत. गाळाच्या टाकीच्या झाकणाला हात लावला तर हाताला धूळ!

दिराला मी भाऊजी म्हणते, पण अरेतुरे करते. माझं लग्न झालं तेव्हा त्याला शर्टाची बटणं लावता येत नव्हती. "भाऊजी," मी म्हटलं, "इकडे बघ. दिवसभर काय केलंस?"

"पाणी तिथेच परत भरून घेतलं, वहिनी."

"आणि गाळ?"

"ओतून आलो."

"गाळ ओतून आलास आणि टाकीत धूळ? मला काय दुधखुळी समजतोस?"

तो जेवला पण नाही, डोकं दुखतंय म्हणून आडवा झाला. एरवी ह्याला ताटावरून उठवावं लागतं. तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण म्हटलं, डोळ्यांनी बघून येऊ, मग बोलू.

दुसऱ्या दिवशी मी बाजाराच्या रस्त्याला गेले. लांबूनच हत्तीण दिसली. रस्त्याच्या मधोमध, वरचा पिवळा दिवा गरगरतोय, इंजीन चालू, मागचा पाइप उघड्या चेंबरमध्ये सोडलेला. चारी बाजूंनी पट्ट्या बांधलेल्या. पाहणाऱ्याला वाटावं, वा, काय काम चाललंय! तेवढ्यात मोटरसायकलवर पालिकेचा एक साहेब आला. खाली उतरला पण नाही. बसल्या बसल्या गाडीचा फोटो काढला, साखऱ्याशी हात मिळवला, गेला. साहेब कोपऱ्यावर वळला आणि दिरानं पाइप वर काढून घेतला. थेंबभर पाणी पडलं नव्हतं त्यातून.

आणि साखऱ्या निघाला गल्लीत. मी त्याच्या मागे.

गल्लीत गोदामाच्या मागे दुसरं चेंबर उघडं होतं. काठावर बादलीनं काढलेल्या गाळाचा ढीग. आणि चेंबरच्या तोंडाशी एक बाई उभी, पाय फाकवून, दोन्ही हातांत दोर. दोर खाली गेलेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, कशासाठी घेतली होती मी ही गाडी? कुणाकुणाच्या दारात पैशासाठी उभी राहिले होते? माझ्या गाडीच्या आडून माणूस उतरवतो हा! गाडी असली की फोटो निघतो, फोटो निघाला की बिल निघतं, आणि काम मात्र बादलीनं. गाडी वापरली तर गाळ लांब नेऊन टाकावा लागतो, त्यात वेळ जातो, डिझेल जातं. माणसाला काय, दिवसाचे चार पैसे दिले की झालं.

"साखऱ्या!" मी ओरडले. तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. "वर काढ त्याला! आत्ताच्या आत्ता!"

"अहो ताई, तुम्ही? उन्हाचं कशाला आलात? चहा सांगू?"

"चहा गेला खड्ड्यात! माणूस वर काढ!"

"ताई, किरकोळ काम राहिलंय. तुमच्या गाडीला ओरखडासुद्धा येत नाही, झीज नाही, भाडं पूर्ण. तुमचं काय नुकसान आहे सांगा ना."

आरडाओरडा ऐकून दीर धावत आला होता. मी त्याच्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं."

"वहिनी, वर्षभराचं काम देतो म्हणाला तो." आणि मग हळू आवाजात, "आणि आपल्या घरचं तर कुणी उतरलं नाही ना."

खोटं कशाला सांगू, हात उगारला होता मी. पण तेवढ्यात ती बाई म्हणाली, "हिसका आला नाही."

माझा हात खाली आला.

"इतका वेळ आला नाही." तिनं दोर हलवला. खालून काही नाही. तिनं वाकून हाक मारली, "अहो! अहो, ऐकलंत का?" खालून काही नाही. मग ती जी ओरडली, ते मला अजून ऐकू येतं.

साखऱ्या दोन पावलं मागे सरकला. मागे! आणि माझा दीर पुढे झाला, बूट काढले आणि चेंबरच्या काठावर बसून पाय आत सोडले. मी त्याची कॉलर अशी धरली की बटणं तुटली.

"खबरदार! चुलता असाच गेला तुझा. दोर धर! दोर!"

त्यानं दोर धरला. बाईनं धरला. मी धरला. माणूस गाळात रुतला की किती जड होतो हे मला त्या दिवशी कळलं. दोर हलेना. गोदामातले हमाल धावले, त्यांनीही हात घातला. दीर सगळ्यांत पुढे होता, टाचा काठाला रोवून, आणि ओढता ओढता रडत होता. "ये, ये, ये," एवढंच म्हणत होता. दोर एकदम सुटल्यासारखा झाला आणि मग हळूहळू वर यायला लागला. आधी डोकं आलं. मग खांदे. काळा गाळ, त्यात तोंड कुठे, नाक कुठे, कळेना. बाईनं स्वतःच्या हातानं त्याच्या नाकातोंडातला गाळ काढला. काही होईना. मग तो खोकला, ओकला आणि पुन्हा खोकला.

जगला तो. आधी हे सांगून टाकते, तुमचा जीव टांगणीला नको.

साखऱ्याची पांढरीशुभ्र मोटार तिथेच उभी होती. मी दार उघडलं आणि म्हटलं, "घाला आत." साखऱ्या म्हणतो, "ताई, सीट कव्हर नवीन..." मी फक्त त्याच्याकडे बघितलं. त्यानं किल्ली काढून दिली. हमालांनी त्या माणसाला उचललं, तसाच, गळत्या गाळासकट, आणि दवाखान्यात नेलं.

मोटारीत बसताना त्या बाईनं मला विचारलं, "गाडी तुमची?"

"हो."

"मग ती काय शोभेला आणली होती?"

मी मोटारीचं दार लावलं.

त्यानंतर मी दिराला एवढंच म्हटलं, "पंप चालू कर." त्यानं केला. साखऱ्या परवानगी, पाणी, वेळ, काय काय पुटपुटत होता, कुणी ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत हत्तीण राबली. त्या चेंबरमधला जो गाळ बादलीनं काढायला दिवसच्या दिवस लागले असते, तो टाकीत जाऊन बसला. जाताना साखऱ्या म्हणाला, "ताई, उद्यापासून गाडी नको." मी म्हटलं, "देतंय कोण तुला, मेल्या!"

घरी आलो. सासूबाई झाकणाशी गेल्या, लांबूनच थांबल्या. "राबली," म्हणाल्या. पण जेवायला वळल्या नाहीत. दिराला जवळ बोलावलं. मी आल्यावर त्यांना काही सांगितलं नव्हतं, तोही बोलला नव्हता. त्याच्या हातांना दोराचा उग्र वास आला असेल, किंवा काय, ठाऊक नाही. त्यांनी त्याचे हात हातात घेतले आणि अंगठ्यानं तळव्यावरून चाचपलं. कातडी सोलली होती, आडवा लाल वळ होता. आपल्या वळावर त्यांनी तो ठेवून बघितला.

"वर आला?" त्यांनी विचारलं.

"आला, आई."

"श्वास होता?"

"होता."

"काल पण उतरला होता तो?"

दिरानं मान खाली घातली. सासूबाईंनी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग त्यांनीच तेलाची वाटी आणायला सांगितली आणि त्याच्या हातांना तेल लावत बसल्या.

रात्रभर मला वाटत होतं, चला, एक तरी जागा सुटली. कसली सुटते! सकाळी भाजीवाली सांगत आली, बाजाराच्या रस्त्यावर, पुढच्या चेंबरशी, हिरवी गाडी उभी आहे, दिवा फिरतोय. हिरवी गाडी कुणाची ते मला माहीत आहे. आमच्यासारखाच धंदा त्याचा. मी त्या मालकाला फोन लावला. तो म्हणतो, "ताई, उभीच तर राहते. ना झीज, ना डिझेल. तुम्हीच नसती डोकेदुखी ओढवून घेता." मी त्या फोटोवाल्या साहेबाला फोन लावला. तो म्हणतो, "बाई, फोटोत तर गाडीच दिसते. माणूस कुठे दिसतोय?"

मी फोन आपटला. शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. हिरव्या गाडीवाल्याला, साहेबाला, साखऱ्याला, सगळ्यांच्या सात पिढ्यांना. दीर दारात उभा राहून ऐकत होता, हातांना फडकी बांधलेली.

सासूबाई आतून आल्या. पायांत चपला होत्या. वर्षानुवर्षं त्या अंगणाच्या पलीकडे गेल्या नव्हत्या.

"मला हत्तीणीत बसव," त्या दिराला म्हणाल्या.

"कुठे जायचंय, आई?" मी विचारलं.

"बाजारात. त्या हिरव्या गाडीचा वास घ्यायचाय."

दिरानं त्यांना दोन्ही हातांनी उचललं आणि पुढच्या सीटवर बसवलं. फडक्यातून रक्त आलं. मी दुसऱ्या बाजूनं चढले. त्यानं किल्ली फिरवली.