मिस्त्रीचा कान

मिस्त्रीचा कान म्हणजे काय कान होता! गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच हा आतून ओरडायचा, "दुसऱ्या सिलिंडरचा प्लग गेलाय!" आणि गेलेला असायचाच. त्यानं हात लावलेली एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नव्हती, आणि हे तो दिवसातून चारदा तरी ऐकवायचा.

पण साठी उलटली आणि कानांनी दगा दिला. जवळून बोललेलं कळायचं, इंजिनातला बारीक आवाज मात्र नाही. मिस्त्रीनं ब्र काढला नाही. बहिऱ्याकडे इंजिन कोण सोडणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. एकटा असला की लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा आणि त्याची लाकडी मूठ दातांत धरायचा. आवाज हाडांतून थेट डोक्यात. चारचौघांत मात्र मूठ कानाला लावायची, आपली दाखवण्यापुरती.

उद्या घाटातली शर्यत होती आणि गाडी चालवणार होती त्याची स्वतःची लेक. त्यानं जास्त उचलीचा नवा कॅम बसवला होता, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणार, इंजिन जास्त श्वास घेणार. शेजारच्या वेल्डरनं रुंद सायलेन्सर जोडून दिला होता. लेकीनं चावी फिरवली आणि गॅरेजचं शटर थरथरलं.

"अर्ध्या गल्लीची झोप मोडली की हो!" वेल्डर खूश झाला.

मिस्त्रीनं मूठ कानाला लावली, मान डोलावली. "गातंय बघ कसं!"

लेकीनं इंजिन बंद केलं. जवळ येऊन ती मोठ्यानं म्हणाली, "बाबा, तिसऱ्या सिलिंडरात टकटक आहे."

मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तू रांगत होतीस तेव्हापासून कॅम बसवतोय मी! मला शिकवतेस?"

"मलाही वाटली खरी," वेल्डर चाचरत म्हणाला.

"घ्या! आता डबे जोडणारेही इंजिनं ऐकायला लागले!"

बोलून गेला, पण नजर लेकीच्या सीटकडे वळली. मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर व्हॉल्व्ह ढकलणारा टॅपेट निसटला, तर भर वळणावर इंजिनाचे तुकडे होतील. आणि आत कोण बसलेलं असेल? मसणात गेली ती अब्रू!

"चालू कर," तो म्हणाला, आणि वेल्डरच्या देखत त्यानं मूठ दातांत धरली.

टक. टक. टक. तिसऱ्यातच. सकाळी टॅपेटचा नट आवळायचा त्याच्या हातूनच राहिला होता.

त्यानं हातानंच खूण केली, लेकीनं चावी मागे फिरवली.

"मला ऐकू येत नाही गं," तो खाली बघत म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"तीन," लेक म्हणाली. "मुठीवर दात उमटलेत, बाबा. एवढे मोठे दात उंदराचे नसतात."

"आणि गप्प राहिलीस?"

"तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले. तुम्ही घरी गेलात की प्रत्येक गाडी मी पुन्हा चालू करून ऐकायचे, चुकलेलं नीट करायचे. ही उद्या मी पळवणार, तुम्ही खाली उभे असाल. म्हटलं, या वेळी चोरून नको, आज तुमच्यासमोरच बोलावं."

एकही गाडी परत आली नाही म्हणून मिरवलेली ती तीन वर्षं हिची होती तर.

"किती सापडल्या?"

"अकरा."

"अकरा!" तो मटकन स्टुलावर बसला. डोळे भरून आले, आणि कोपरानं पुसता पुसता हसूही फुटलं. मग त्यानं स्क्रू ड्रायव्हर खणात टाकला आणि पाना उचलला.

"चल, झाकण उघड. मी आवळतो, तू ऐक. आणि जरा मोठ्यानं सांग."