काचेच्या तारेवरचं रडणं

दुपारी पावणेचारलाच नानासोंच्या घराच्या पुढच्या सोप्यात पाय ठेवायला जागा उरत नसे. बायका भिंतीकडेनं, पुरुष पार उंबऱ्यापर्यंत, आणि मधोमध चौरंगावर एक काळा टेलिफोन. वर हार घातलेला नानासोंचा फोटो, पुढं नारळ, रिसीव्हरला हळदकुंकू. कुणी बोलत नसे. चार वाजून गेले, की कुणी हात न लावता त्या फोनच्या पोटातली घंटी हलायची. फोन आल्यावर होते तशी खणखण नव्हे. नखानं काचेचा पेला वाजवावा, तशी बारीक किणकिण. जरा वाजे, थांबे, पुन्हा वाजे. मग गप्प. तोवर सगळ्यांचे हात जोडले गेलेले असत.

तो फोन नानासोंनी सांगलीच्या जुन्या बाजारातून हौसेनं आणला होता. औंधच्या वाटेवरच्या आमच्या गावात तेव्हा हातानं जोडणी करायचं एक्स्चेंज होतं. रिसीव्हर उचलला की पलीकडं मी बोलायची, दीपमाला, आणि दोरीची पिन खोचून पाहिजे तो नंबर जोडून द्यायची. एकोणीस वर्षं मी त्या बोर्डावर बसले. नानासोंच्या फोनची डायल नुसती शोभेची. थेट फोन लागायला लागतील तेव्हा फिरवीन, म्हणायचे. पंचाण्णवच्या दिवाळीत एका दुपारी चारच्या सुमाराला त्याच सोप्यात बसल्या जागी गेले.

पुढं दोन महिन्यांनी कराडकडून जमिनीतून काचेच्या तारेची केबल आली. एक्स्चेंज आपोआप चालणारं झालं, माझा बोर्ड पेटीत गेला आणि मला अर्ज घ्यायच्या खिडकीवर बसवलं. घरोघरी बटणांचे नवे फोन आले. नानासोंच्या घरी नवा फोन मागच्या, धान्याच्या कणगीच्या खोलीत बसला. लाइनमन जोतीराम म्हणाला, आता जुन्याचं काम नाही, काढून ठेवा. पण नानासोंच्या पत्नी सुलाबाई ऐकेनात. मालकांचा फोन मुका ठेवायचा नाही, म्हणाल्या. मग त्यांच्या मुलानं, तानाजीनं, मागच्या खोलीतून स्वतःच तार ओढून बापाचा फोन त्याच लाइनीला जोडला.

त्याच आठवड्यात किणकिण सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी तानाजीनं धीर करून रिसीव्हर उचलला. आत एक बाई रडत होती. लांबून नव्हे, कानाला तोंड लावून रडावं तशी. त्याच्या हातून रिसीव्हर सुटला. दोन दिवस त्याला ताप होता.

आणि मग टेकावरच्या मठातून नाथाजीबुवा आले. त्यांनी फोनभोवती राख ओढली आणि उलगडा केला. आरसा कशाचा? काचेचा. आरशात तोंड दिसतं, मग काचेच्या तारेत मेलेल्याचं तोंड दिसणार नाही तर काय? त्या तारेतून उजेड पळतो, आणि आत्मा म्हणजे तरी उजेडच. नानासो उजेडातून घरी येतात. पण केबलीचा चर मसणवटीकडेनं खणला, तेव्हा एक जखीणही उठली आणि त्यांच्यामागून तारेत शिरली. ती घरातल्या तरण्या बाईवर बसणार. रिसीव्हर कुणी उचलायचा नाही. उचलला, की त्याला बोलावणं आलंच.

घरात तरणी बाई एकच, तानाजीची बायको राणी. ती आधीच वाळत चालली होती, जेवत नव्हती, हाक मारली की दचकायची. बुवा म्हणाले, अवसेला हिला मठात आणा, महिनाभर ठेवा, उतरवून देतो. त्या मठातून उतरवून आलेली एक बाई मी पाहिली होती. तिच्या दोन्ही तळव्यांवर कापूर जाळल्याचे डाग होते. लेकरालासुद्धा ती मनगटानं उचलायची.

अवसेला तीन दिवस असताना सुलाबाईंचा मला निरोप आला. गेले, तर त्यांनी मला फोनच्या अगदी जवळ बसवलं.

"दीपमालाबाई, ते सांगलीला गेले की तुमीच मला त्यांचा फोन जोडून द्यायच्या. आता नुसती घंटी वाजते, बोलणं व्हत न्हाई. तुमास्नी जमंल का?"

मी भूत मानत नाही. आमच्या घरात वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच देव्हाऱ्यासोबत भुतंही बाहेर गेली. पण चार वाजले, त्या गप्प माणसांच्या मधे ती घंटी हलली, आणि खरं सांगते, माझ्याही मानेवर काटा आला.

मग माझ्या कानानं आपलं काम सुरू केलं. पहिली किणकिण लांब. मग अगदी तुटक. मग तिच्याहून जराशी मोठी, आणि पुन्हा तेवढीच. दहा, दोन, तीन, तीन. एक्स्चेंज बदललं तेव्हा आम्हाला शिकवलं होतं, की शून्य फिरवला तर लाइन दहा वेळा तुटते. शून्य, दोन, तीन, तीन. हा सांगलीचा कोड, पुढचे आकडे तिथल्या नंबराचे. भूत सांगलीला एसटीडी लावत होतं.

पाणी पिऊन येते म्हणून मी उठले आणि तारेच्या कडेकडेनं मागं गेले. कणगीच्या आडोशाला राणी बसली होती. पदराचा बोळा तोंडात, रिसीव्हर कानाला. मला बघून तिनं तो खाली ठेवला आणि माझे पायच धरले.

हळूहळू सगळं कळलं. लग्नात मानपानावरून भांडण झालं, तेव्हापासून दोन वर्षं तिला माहेरी धाडलं नव्हतं. फोन करायलाही बंदी. आई सांगलीला हळदीच्या पेठेत निवडणीला जायची. चारला सौदे उरकले की दुकानाचा फोन तिला मिळायचा. त्या वेळी इथं सगळे सोप्यात डोळे लावून बसलेले, मागं कुणी फिरकत नसे.

"मी आईला फोन लावला, की नेमकं तवाच ते उठतं," राणी म्हणाली. "एकदा तर लाइनीवर कुणीतरी श्वास घेतला. माज्यावरच हाय ते. मला मठात नेऊ द्या. पर फोनचं सांगू नका."

तिलाही ते खरं वाटत होतं. मी तिथंच बसून तिला समजावलं. या फोनचं बटण दाबलं, की जेवढा आकडा तेवढ्या वेळा लाइन तुटते आणि जुळते. नव्या फोनला धातूची घंटी नाही, पण त्याच तारेवरच्या जुन्या फोनच्या पोटात आहे, ती प्रत्येक झटक्याला हलते. पूर्वी नंबर मी जोडायची, कुणी फिरवत नव्हतं, म्हणून ती कधी अशी वाजली नाही. आणि आता त्या घरात फोन लावणारी ती एकटीच होती, बाकीचे आलेला तेवढा घ्यायचे. तो श्वास सोप्यात रिसीव्हर उचललेल्या तानाजीचा होता. राणीनं रिसीव्हर उचलून स्वतःच शून्य दाबलं. सोप्यातून लांब किणकिण ऐकू आली आणि पाठोपाठ माणसांची कुजबुज. तिनं ते बटण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

तुझं नाव मी घेणार नाही, एवढं सांगून मी पुढं आले. चौरंगाशी बसलेल्या बुवांना म्हटलं, नानासोंना पाच वेळा घंटी वाजवायला सांगा. आत्मा कुणाचा नोकर नसतो, असं उत्तर आलं. मग मी सुलाबाईंना मागं नेलं आणि पाचाचं बटण दाबायला लावलं. एकाचं दाबलं, शून्याचं दाबलं. दर वेळी सोप्यातली घंटी बुवांच्या डोळ्यांदेखत वाजली. शेवटी मी चौरंगावरचा रिसीव्हर उचलून तानाजीच्या कानाला लावला. सुलाबाई मागच्या फोनवर त्याला विचारत होत्या, ऐकू येतंय का रं.

बुवा उठले. "मग इतकं दिस मागं कोण व्हतं, ते बी सांगा की बाई."

मी राणीला शब्द दिला होता. सगळे माझ्याकडं बघत होते. तेवढ्यात दारातून राणी म्हणाली, "मी. आईशी बोलत व्हते."

तानाजीनं कानाचा रिसीव्हर खाली घेतला. "ते रडणं तुजं व्हतं?"

तिनं होकारार्थी मान हलवली. माणसं एकेक करून उठून गेली, बुवा त्यांच्यातच निघून गेले. मी मागं गेले, तर सुलाबाई कणगीला टेकून बसल्या होत्या. म्हणजे हे न्हाईतच, असं त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, नाहीत. मग त्या रडल्या. दिवाळीत त्यांना धड रडूही दिलं नव्हतं, लोकांनी आधी तेराव्याच्या तयारीला लावलं, मग चौरंग मांडायला.

अवसेच्या आदल्या दिवशी तानाजी राणीला घेऊन सांगलीच्या एसटीत बसला. बुवांचा मठ अजून आहे. तिथली राख अजून खपते. पण आमच्या गावातून तिथं आता फारसं कुणी जात नाही.

मी शिकलेली बाई नाही, दहावी झाले आणि बोर्डावर बसले. तरी वाचणाऱ्याला हात जोडून एक मागते. घरात काही वाजलं, हललं, रडलं, तर घाबरायला हरकत नाही, मीही घाबरले. पण घाबरून डोळे मिटू नका. हात लावू नका असं सांगणाऱ्याला विचारा, का नको. आणि आपल्या घरात कोण कितीदा रडतं, हे बुवाला विचारायच्या आधी त्या माणसाला विचारा.