दात पडला की

"आ कर."

बॅटरी आधीच पेटली होती. आई कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे बघायला वापरतात ती पेनाएवढी बॅटरी तिने आठवड्यापूर्वी घरी आणली होती आणि रोज सकाळी ती पेटवून धाकटीच्या तोंडात बघायची.

धाकटीने, म्हणजे मुंगीने, ओठ घट्ट मिटून मान हलवली.

"तोंड आलंय," ती ओठांच्या फटीतून म्हणाली.

"कालपण आलं होतं. दाखव, मलम लावते."

"नको."

पियानोच्या बाईंचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. पुढचा एक तरी दुधाचा दात पडल्याशिवाय मुलाला पियानोसमोर बसवायचं नाही. वय त्या विचारतच नसत. वय आईबाप खोटं सांगतात, दात खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आता बाई थकल्या होत्या. यंदा एकच नवं मूल घेणार आणि ते शेवटचं, असा निरोप आला होता. जुनी ओळख म्हणून त्यांनी मुंगीचं नाव आधी धरलं होतं, पण नियम म्हणजे नियम. आज चार वाजता तोंड दाखवायला जायचं होतं. नाहीतर जागा वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या मुलाला. त्याचे तर दोन पडले होते, आणि ते आपोआप पडले यावर आईचा काडीचाही विश्वास नव्हता.

आई स्वतः बाईंकडे गेली होती ती एकोणिसाव्या वर्षी, पहिल्या पगारातून. वर्षभर शिकवून झाल्यावर बाईंनी तिची बोटं हातात घेतली आणि म्हणाल्या, "मन लावून करतेस गं, पण उशीर झाला." ते दोन शब्द तिला आजही सलत. म्हणून थोरलीचा पहिला दात पडला त्याच संध्याकाळी ती थोरलीला घेऊन बाईंच्या दारात उभी राहिली होती. त्याला आता दोन वर्षं झाली. थोरली या क्षणी बाहेरच्या खोलीत तेच चार सूर पुन्हा पुन्हा वाजवत होती.

"मनगट!" आई इथूनच ओरडली. सूर थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

मग तिने खण उघडून दोऱ्याचं रीळ काढलं.

बाबा बुटांच्या नाड्या बांधत होते. त्यांची साडेआठची बस होती, आणि ती तेच चालवणार होते.

"हे काय काढलंस?"

"परवा सकाळी हलत होता. दोरा लावून एक झटका. तिला कळणारसुद्धा नाही."

"अगं, दात आहे तो, भिंतीतला खिळा नाही. पडेल वेळ आली की. घोडं कुठे पळून चाललंय?"

"तू मध्ये पडू नकोस. तुझी बस चुकली तर लोकांना मागची मिळते. हिला मागची बस नाहीये."

मुंगीने दोरा पाहिला मात्र, ती धूम पळाली. बाथरूमचं दार आपटलं, कडी लागली.

"मुंगे, दार उघड. मी तीन म्हणायच्या आत."

आईने दारावर बोट वाजवलं.

"एक. दोन."

"आधी दोरा टाक."

"टाकला."

"खोटं."

आईने रीळ बाबांच्या दिशेने भिरकावलं. ते घरंगळत पलंगाखाली गेलं. तो आवाज ऐकून मग कडी निघाली.

मुंगी पालथ्या बादलीवर बसली होती. तिने मोठ्ठा आ केला. खालच्या दातांच्या रांगेत मधोमध फट होती. दात तिच्या मुठीतल्या चष्म्याच्या डबीत होता, काच पुसायच्या पिवळ्या फडक्यावर नीट ठेवलेला.

"कधी पडला?"

"परवा. ब्रेड खाताना."

आईला आधी हसूच फुटलं. तिने मुंगीला बादलीसकट जवळ ओढलं. "अगं वेडाबाई! परवाच पडला! आणि मी इथे दोरा घेऊन नाचतेय! सांगितलं का नाहीस?"

मुंगी डबी उघडत राहिली, मिटत राहिली.

"तू ताईला आधी भिंगरी म्हणायचीस," ती म्हणाली.

"बरं, मग?"

"आता मनगट म्हणतेस."

"अगं, ते तिचा हात खाली जातो म्हणून..."

"मला मुंगीच राहू दे."

बाबा पॅसेजमध्ये होते. एरवी त्यांनी काहीतरी विनोद केला असता. त्यांनी टोपी घातली आणि ते कामावर गेले. आई उठली, तिने बादली सुलटी केली, नळ सोडला, बंद केला.

"असं काही नसतं हं," ती म्हणाली. "तोंड धू. चारला जायचंय."

दिवसभर दोघी एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलल्या.

चार वाजता बाईंच्या खोलीत डॉक्टर आणि त्यांचा मुलगा आधीच हजर होते. मुलगा तोंड उघडं ठेवूनच बसला होता. बाईंनी चष्मा पुसून नाकावर चढवला. तो आईनेच करून दिलेला होता.

"ये गं. आ कर बघू."

मुंगीने मान वर करून आईकडे पाहिलं. आईचा हात तिच्या खांद्यावर होता. तो इतका घट्ट होता की मुंगीने खांदा आक्रसला.

"पडला नाही, बाई," आई म्हणाली.

मुंगीला इतका आनंद झाला की ती खदाखदा हसली, फट सगळ्यांना दिसेल अशी.

बाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या. मग आईकडे.

"नाही पडला म्हणतेस."

"नाही."

"मी आता कुणाला घेणार नाही, ठाऊक आहे ना? मागाहून उशीर झाला म्हणून रडत येशील."

"ठाऊक आहे."

बाईंनी मुंगीची हनुवटी धरली आणि आत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"खरंच की. अगदी पक्का आहे," त्या म्हणाल्या आणि डॉक्टरांच्या मुलाकडे वळल्या.

घरी येईपर्यंत मुंगीने दोनदा आईचा हात सोडून उड्या मारल्या. दार बाबांनी उघडलं. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. बाहेरच्या खोलीत थोरली वाजवत होती, पाठमोरी, आणि तिचं मनगट पुन्हा खाली गेलं होतं. आईच्या जिभेवर शब्द तयारच होता. तो तिने गिळला.

"भिंगरी," तिने हाक मारली.

सूर मध्येच तुटला. थोरलीने दोन्ही हात झटकन मांडीवर घेतले.

"काय चुकलं, आई?"