शेवटचा रकाना

मिस्त्रींनी खिडकीची लाकडी झडप चौथ्यांदा उघडली, चौथ्यांदा लावली आणि शेवटी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून बिजागरी आवळायला घेतली.

“अहो, राहू द्या ना,” बायको कुजबुजली. मग त्यांच्या बाहीला हात लावून, तोंड त्यांच्याकडे करून तिने तेच पुन्हा सांगितलं.

“करकरतेय ती,” मिस्त्री म्हणाले.

बिजागरी करकरत नव्हती. वनरक्षकाने कालच तिला तेल दिलं होतं.

नदीकाठच्या या लाकडी खोलीत लपून बसायचं आणि पाणमांजरांची वाट बघायची, एवढंच इथलं काम. एक बाक, तीन आडव्या खिडक्या, खिळ्याला दोरीने बांधलेली एक वही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलीने आईवडिलांना दोन दिवसांची ही सहल काढून दिली होती. बोलायचं नाही, हलायचं नाही, असं वनरक्षकाने आल्याआल्या बजावलं होतं. आधी बारीक शीळ येते, मग पाणी हलतं. शीळ येईल तिकडे बघायचं. निघताना वहीच्या रकान्यांत लिहायचं: वेळ, काय पाहिलं, सही, आणि शेवटी काय ऐकलं.

“न हलायचं यांना सांगू नका,” बायको त्याला म्हणाली होती. “लग्नाच्या फोटोतसुद्धा हे हललेले आलेत.”

तो हसला होता. मिस्त्रीही हसले होते, पण जरा उशिरा, तो हसताना दिसल्यावर.

मिस्त्री लिफ्ट तपासायचे. हाताखालचे लोक यंत्रं घेऊन यायचे, पण मिस्त्रींची पद्धत जुनी होती. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मोटरवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकायचं. त्यांनी ‘आवाज ठीक’ असं लिहून सही केली की त्यावर कोणी शंका काढत नसे. गेल्या महिन्यात अशीच सही झालेली एक लिफ्ट चार दिवसांत दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत एक म्हातारे गृहस्थ अर्धा तास अंधारात उभे होते. मिस्त्रींनी ग्रीसला दोष दिला. बायकोने कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला, तर म्हणाले, कान माझे ठणठणीत आहेत, तूच हल्ली पुटपुटतेस.

आज रविवार. मंगळवारी प्रसूतिगृहाची जुनी लिफ्ट तपासायची होती. स्ट्रेचर नेणारी तेवढी एकच.

म्हणूनच काल, तासभर पाण्यावर काहीच हललं नाही तेव्हा, तिने जन्मात केलं नव्हतं ते केलं.

“ऐकलीत?” त्यांच्या कानाशी जाऊन ती म्हणाली. “शीळ आली.”

शीळ आलेलीच नव्हती.

“केव्हाच ऐकली,” मिस्त्रींनी मान डोलावली. “डावीकडून आली.”

आणि निघताना वहीच्या शेवटच्या रकान्यात तसं लिहूनही ठेवलं: शीळ, डावा काठ. सही तीच, लिफ्टच्या मशीनरूममधल्या कागदावरची, खाली दोन टिंबं असलेली.

पुढचं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. वनरक्षक ती नोंद वाचून हरखून गेला. डाव्या काठाला सहा वर्षांत एकही पाणमांजर फिरकलं नव्हतं. त्याने मिस्त्रींचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, आणि दिवस मावळायच्या आत तिकडची मासेमारांची पायवाट दोरी बांधून बंद करून टाकली. तिला जे कळून घ्यायचं होतं ते कळलं होतं. पण नवऱ्याला फसवून पकडलं, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? देवाने डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना दिल्या नाहीत, असं तिला नेहमी वाटायचं. यांच्या कानांना त्याही दिल्या, आणि त्या कधी मिटल्या ते यांना कळलंसुद्धा नाही.

आता ती देवासमोर बसावं तशी डोळे मिटून बसली होती. शेजारी मिस्त्रींचा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता.

शीळ आली. बारीक, सरळ, उजवीकडून.

तिने डोळे उघडले. मिस्त्री दुर्बीण लावून डाव्या काठाकडे बघत होते. पुन्हा शीळ आली, आधीपेक्षा जवळून. मिस्त्री डावीकडेच.

मुलीची वेणी घालताना तिचं तोंड वळवायची, तशी तिने त्यांच्या हनुवटीला दोन बोटं लावली आणि मान उजवीकडे वळवली.

दगडावर पाणमांजराची मादी बसली होती, अंगावरून पाणी निथळत. खाली पाण्यात दोन पिल्लं. एक तिच्या पायाशी पोचलं होतं, दुसरं प्रवाहात मागे राहिलं होतं, गोल गोल फिरत होतं. मादीने मान लांब करून तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. दर वेळी ते पिल्लू तिच्याकडे वळायचं आणि थोडं पुढे यायचं.

मिस्त्रींचा गुडघा थांबला.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक खिडकीच्या चौकटीवर टेकवलं आणि मूठ कानामागे लावली. बायकोने नजर दुसरीकडे वळवली. मादीचं तोंड उघडलं, गळ्याची कातडी थरथरली. पिल्लू दगडाला लागलं.

मिस्त्रींनी हात खाली घेतला.

“ओरडतेय का ती?”

“हो.”

“मोठ्याने?”

“पलीकडच्या काठाला ऐकू जाईल इतकी.”

मादी आणि पिल्लं पाण्यात उतरून दिसेनाशी झाली, तरी मिस्त्री त्या ओल्या दगडाकडे बघत राहिले.

वनरक्षक दार ढकलून आत आला, तेव्हा मिस्त्री वही मांडीवर घेऊन बसले होते. वेळ लिहिली. पाहिलं: मादी, दोन पिल्लं. सही केली. शेवटच्या रकान्याशी पेन थोडा वेळ थांबलं, मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: नाही. आणि वरची कालची ओळ एका रेघेत खोडली.

“खोडलीत?” वनरक्षक वाकून म्हणाला.

“नोंद चुकीची होती. पायवाट मोकळी करा, लोकांची उगाच अडचण.”

“अहो, ती चूक माझी आहे,” बायको उठून उभी राहिली. तिचा आवाज नको तेवढा मोठा झाला होता. “काल शीळ आलीच नव्हती. मीच तुम्हाला—”

“सही माझी आहे,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं, दोरी सरळ केली, वही खिळ्याला अडकवली. मग खिशातला फोन काढून तिच्या हातात दिला.

“ऑफिसातल्या साहेबांना लाव. मंगळवारच्या लिफ्टचं मीच सांगतो. ते काय म्हणतात, ते तू ऐक.”